अमेरिकेतल्या टॉप कॉलेजात 'चान्स किती?' हे काढताना या चुका टाळा

एसएटीत (अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशासाठीची परीक्षा) १६०० पैकी १५२०, बोर्डाला ९५ टक्के, एक ऑलिम्पियाड, थोडं समाजकार्य, मग चान्स किती? बारावीतली मुलं आणि त्यांचे आईबाबा हा प्रश्न भेटेल त्याला विचारतात, आणि समोरचाही बिनधास्त एक टक्का सांगून मोकळा होतो. एवढ्या माहितीवर कुणालाच टक्का सांगता येत नाही, पण त्या आकड्यावर विसंबून कॉलेजची यादी बनते, फी भरली जाते आणि मार्चच्या शेवटी घरात सगळ्यांचे चेहरे उतरलेले असतात. यातलं बरंचसं टाळता येतं.

कॉलेजचा एकूण दर म्हणजे आपला दर नव्हे

ही सगळ्यात मोठी चूक. एमआयटीचा एकूण प्रवेशदर ४-५ टक्के दिसतो, पण बाहेरच्या देशांतून अर्ज करणाऱ्यांचा २ टक्क्यांच्या आसपास असतो. दुसऱ्या कॉलेजांत एकूण आकड्यात खेळासाठी आधीच निवडलेली मुलं असतात, कुठे कुठे माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात, सरकारी युनिव्हर्सिटी असेल तर त्याच राज्यातली मुलं असतात, तुम्ही यातल्या कशातच नसाल तर तो आकडा तुमच्यासाठी नाहीच.

मग बघायचं कुठे? बहुतेक कॉलेजं दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाची फाईल काढतात, फुकट असते, कॉलेजचं नाव टाकून सर्च केलं की मिळते. त्यात सी७ हा तक्ता आधी उघडा. मार्क, विषय किती अवघड घेतले, निबंध, शिफारसपत्रं, मुलाखत, कॉलेजमध्ये दाखवलेला रस, असं एकेक ओळीत दिलेलं असतं आणि पुढे 'अतिमहत्त्वाचं' पासून 'विचारात घेत नाही' पर्यंत चार रकान्यांत खूण असते. एखाद्या कॉलेजला दाखवलेला रस महत्त्वाचा असेल तर त्यांचं ऑनलाइन सेशन अटेंड करणं कामाचं आहे, दुसरं कॉलेज ते मोजतच नसेल तर तिथे वेळ घालवू नका. सी९ मध्ये प्रवेश घेतलेल्या मुलांच्या एसएटी स्कोअरची रेंज असते आणि एच६ मध्ये परदेशी मुलांना किती फायनान्शियल एड (शिक्षणाच्या खर्चासाठी मदत) दिली ते असतं, हे दोन्ही लागणारच आहेत.

एसएटीची रेंज वाचताना

जिथे स्कोअर देणं ऐच्छिक आहे तिथे छापलेली रेंज फक्त स्कोअर दिलेल्या मुलांची असते, कमी स्कोअरवाले देतच नाहीत, त्यामुळे ती फुगलेली दिसते. आणि रेंजच्या मधोमध आहोत म्हणजे निम्मा चान्स, हे गणित चूक आहे, नाकारलेल्यांतलेही ढीगभर त्याच रेंजमध्ये असतात. नियमही एकसारखे नाहीत, एमआयटीने २०२२ मध्ये एसएटी किंवा एसीटी (तशीच दुसरी परीक्षा) पुन्हा सक्तीची केली, डार्टमथ आणि हार्वर्डने २०२४ मध्ये, तर कॅलिफोर्नियाच्या सरकारी यूसी युनिव्हर्सिटी प्रवेशासाठी स्कोअर बघतच नाहीत. १५४० चा १५७० करायला अख्खी सुट्टी घालवण्याआधी यादीतल्या प्रत्येक कॉलेजचा यंदाचा नियम वाचा.

'दहा ठिकाणी टाकू, कुठेतरी लागेलच'

५ टक्क्यांची दहा कॉलेजं म्हणजे ५० टक्के नाही. प्रत्येक निर्णय स्वतंत्र धरला तरी साधारण ४० येतात, आणि ते स्वतंत्र नसतातच, कारण निबंध विस्कळीत असेल तर तोच निबंध दहाही ठिकाणी जातो. कॉमन अॅपवर (एकाच फॉर्मवरून अनेक कॉलेजांना अर्ज करायची वेबसाइट) २० कॉलेजं टाकता येतात म्हणून २० टाकायची असं नाही, जास्त टाकली की प्रत्येकाचे वेगळे निबंध घाईत लिहिले जातात. यादीत दोन-तीन कॉलेजं अशी हवीत जिथे प्रवेश जवळपास नक्की आहे, पैसे परवडतात आणि मुलाला खरंच जायला आवडेल, नुसती नावाला टाकलेली नकोत.

पैशाचा विषय शेवटी काढणं

आपल्याकडे हे फार होतं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन अशी मोजकी कॉलेजं परदेशी मुलांसाठीही नीड-ब्लाइंड आहेत, म्हणजे एड मागितली म्हणून प्रवेशावर परिणाम होत नाही. बाकी बहुतेक ठिकाणी होतो, तिथे जेवढी जास्त मदत मागाल तेवढी स्पर्धा कडक. म्हणून काही घरं 'एड नको' वर टिक करतात, आधी आत शिरू मग मागू म्हणून, हे कृपया करू नका, बऱ्याच कॉलेजांत परदेशी मुलाला नंतर एड मागताच येत नाही. वर्षाला किती झेपेल हा आकडा आईबाबांनी यादी बनवायच्या आधी मुलाला स्पष्ट सांगावा.

अर्ली डिसिजनचंही (पहिल्या पसंतीच्या एकाच कॉलेजला लवकर केलेला अर्ज) तेच. त्याचा दर जास्त दिसतो, पण त्यातही खेळाडू मिसळलेले असतात, आणि ते बंधनकारक असतं, मिळालं की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे, दुसऱ्या कॉलेजच्या पॅकेजशी तुलना करायला वाव नाही. पैशाचं गणित बसत असेल आणि कॉलेज मनापासून पहिल्या पसंतीचं असेल तरच.

सर्टिफिकेटं गोळा करणं

अॅक्टिव्हिटीच्या जागा दहा असतात म्हणून दहाही भरायलाच हव्यात असं नाही. वर्णनाला १५० कॅरेक्टर मिळतात, त्यात मुलं लिहितात 'गरजू मुलांना शिकवलं, नेतृत्वगुण आणि संवादकौशल्य वाढलं'. यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी 'दर शनिवारी सहावीच्या १४ मुलांना अपूर्णांक, वर्कशीट स्वतः बनवल्या, नंतर ९ जण सातवीच्या गणितात पास' असं लिहा, अर्थात इंग्रजीत आणि खरं असेल तेवढंच. बारावीच्या तोंडावर पैसे भरून केलेला रिसर्च प्रोग्राम किंवा घाईने काढलेली संस्था यापेक्षा दोन वर्षं घरच्या दुकानाचा हिशेब सांभाळला हे जास्त बोलकं असतं, घरची जबाबदारी हीसुद्धा अॅक्टिव्हिटी म्हणून लिहिता येते, मुलं लाजून लिहीत नाहीत, जरूर लिहा.

मार्कांच्या बाबतीत

तिकडे नववी ते बारावी चारही वर्षांचे मार्क मागतात, नुसता बोर्डाचा निकाल नाही. त्यामुळे अकरावी 'रेस्ट इयर' समजून घालवली की ते दिसतं. टक्के स्वतःच जीपीएमध्ये (अमेरिकेतली ग्रेडची सरासरी) बदलून टाकू नका, शाळेने दिलेत तसेच द्या, वाचणाऱ्यांना आपली बोर्डं माहीत असतात. नववीत मार्क कमी असून नंतर चढत गेले असतील तर काळजी नको, चढता आलेख चांगलाच दिसतो, आजारपण वगैरे कारण असेल तर शाळेच्या पत्रात दोन ओळी लिहून घ्या.

शिफारसपत्रासाठी सगळ्यात मोठ्या पदावरच्या व्यक्तीला गाठायची गरज नाही. अकरावीत ज्यांनी शिकवलं आणि ज्यांच्या तासाला मुलगी खरंच प्रश्न विचारायची त्या बाईंकडे जा, आणि सप्टेंबर उजाडायच्या आत विचारा. सोबत एका पानावर त्यांच्या वर्गातले दोन-तीन प्रसंग आठवण म्हणून लिहून द्या, शंभर मुलांची पत्रं लिहिताना त्यांना सगळं आठवेलच असं नाही.