मसाई यजमानांकडे सफारी, मग दियानीचा समुद्र

पुण्याहून निघायचं तर मुंबईमार्गे नैरोबी. पण तिकिटाआधी पिवळ्या तापाची लस बघा. ती अधिकृत केंद्रातच मिळते आणि प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते. प्रमाणपत्र नसेल तर परतताना भारतात 6 दिवसांपर्यंत विलगीकरण होऊ शकतं. केनियाचा ई-टीए, म्हणजे प्रवासाचा इलेक्ट्रॉनिक परवाना, ऑनलाइन काढा.

मुक्काम मसाई मारा राखीव क्षेत्रात नको, शेजारच्या नाबोइशो किंवा ओल किन्येईसारख्या कॉन्झर्व्हन्सीत, म्हणजे खाजगी जमिनीवरच्या वन्यजीव क्षेत्रात करा. तिथली जमीन मसाई या स्थानिक पशुपालक समाजातल्या कुटुंबांची. कॅम्पवाले त्यांना भाडं देतात. बुकिंगआधी स्पष्ट विचारा, हे भाडं कुणाला आणि कसं पोचतं? गोलगोल उत्तर आलं तर दुसरा कॅम्प बघा. इथे मसाई वाटाड्याबरोबर पायी फिरता येतं, रात्रीही सफारी होते. राखीव क्षेत्रात हे चालत नाही. फोटो विचारूनच काढा.

नैरोबीहून माराला नेणाऱ्या छोट्या विमानात साधारण 15 किलोच सामान, तेही मऊ बॅगेत. बाकरवडी-चिवडा कापडी पिशवीत न्या, कारण 2017 पासून केनियात प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे. शाकाहारी असाल तर आधीच कळवा. उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) आणि सुकुमा विकीची पालेभाजी पोटभर होते.

सफारीनंतर केनियाच्या किनाऱ्यावरचं दियानी. तिथे एप्रिल-मे टाळा, पावसाचे महिने. ओहोटीत खडकांवर अनवाणी चालू नका, सी अर्चिन या काटेरी समुद्री जीवाचे काटे तळपायात मोडतात.