घरी प्राणी आणण्यासाठी आई-वडिलांची परवानगी कशी मिळवावी

ठाण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात कुत्रा किंवा मांजर आणण्याचा विषय काढला की आई-वडिलांचे पहिले उत्तर बहुधा "नाही" असेच असते. त्यावर रुसून बसणे, जेवण सोडणे किंवा न विचारताच पिल्लू घरी घेऊन येणे हे सर्वांत वाईट मार्ग आहेत, कारण हट्टापुढे नमून दिलेला होकार पहिल्या आजारपणाबरोबर मागे घेतला जातो आणि तोवर घराला रुळलेल्या जनावराला पुन्हा बाहेर जावे लागते. म्हणून परवानगीचा विचार त्या प्राण्याच्या पुढच्या दहा-पंधरा वर्षांच्या दृष्टीने करावा.

पहिली पायरी: नकाराचे खरे कारण समजून घ्या

सांगितलेले कारण आणि मनातले कारण पुष्कळदा वेगळे असते. आमचे घर वर्तकनगरमध्ये होते आणि माझी आई चार वर्षे "जागा कुठे आहे?" एवढेच म्हणत असे. मी गॅलरी मोजून दाखवली, कपाट कुठे सरकवता येईल तेही दाखवले, पण तिचे उत्तर बदलले नाही. एका संध्याकाळी तिच्याबरोबर मेथी निवडताना मी वाद न घालता विचारले, तेव्हा तिने माहेरच्या कुत्र्याची गोष्ट सांगितली. तो साप चावून गेला तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि तसे दुःख तिला पुन्हा नको होते. त्यानंतर मी जागेबद्दल बोलणे सोडून दिले. ती त्या कुत्र्याबद्दल बोलत राहिली, मी ऐकत राहिलो, आणि आमच्या घरी मांजर आले ते त्यानंतर वर्षभराने.

आई, बाबा आणि घरात असल्यास आजी-आजोबा यांच्याशी वेगवेगळे बोलावे. आजीची काळजी देवघराची असू शकते किंवा पायात घुटमळणाऱ्या पिल्लामुळे पडण्याची, बाबांची खर्चाची, आईची बहुधा ही की चार महिन्यांनी सगळे तिच्याच गळ्यात पडेल. माझ्या मते आईची ही शंका सर्वांत रास्त असते. कुणाला दमा किंवा ॲलर्जी असेल, तर प्राणी असलेल्या ओळखीच्या घरी त्यांना दोन-तीनदा नेऊन त्रास होतो का ते पाहावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. त्रास होत असेल, तर मासे सोडून इतर प्राण्यांचा हट्ट धरू नये.

दुसरी पायरी: घराला झेपेल असाच प्राणी निवडा

ज्या घरातून सगळे सकाळी आठला लोकल पकडायला बाहेर पडतात आणि रात्री आठला परततात, तिथे कुत्र्याचे पिल्लू आणणे अन्यायाचे आहे. तिथे एकमेकांच्या सवयीची दोन मोठी मांजरे जास्त सुखात राहतात. कुत्रा साधारण दहा ते तेरा वर्षे जगतो, घरातले मांजर पंधरा वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक. तुम्ही आज दहावीत असाल तर शिक्षणासाठी बाहेरगावी गेल्यावर त्याचे कोण पाहील, हा प्रश्न आई-वडील विचारणारच, तेव्हा तो तुम्ही आधी विचारलेला बरा.

हस्की दिसायला देखणा असला तरी थंड प्रदेशातला कुत्रा आहे आणि चपट्या नाकाच्या पगला उकाड्यात श्वास घेणे जड जाते. आपल्या हवेला सर्वांत सरावलेला कुत्रा म्हणजे देशी, ज्याला आपण गावठी म्हणतो, आणि तो दत्तक मिळतो. घर शाकाहारी असेल तर मांजराचा विचार नीट करावा, कारण मांसाहाराशिवाय त्याची प्रकृती टिकत नाही. ससा शांत असतो, पण मे महिन्याचा उकाडा त्याला सोसत नाही. आपल्या रानातले पोपट, मुनिया आणि पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले कासव पाळणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. दुकानात मिळणारी लाल कानांची परदेशी कासवे रुपयाएवढी दिसली तरी ताटाएवढी होतात, वीस-तीस वर्षे जगतात, आणि कंटाळून ती तलावपाळीला किंवा उपवनला सोडून देणे म्हणजे तिथल्या जलचरांवर संकट आणणे.

तिसरी पायरी: सोसायटी आणि खिडक्या

"सोसायटीत चालत नाही" हे वाक्य पुष्कळ घरांत चर्चेचा शेवट ठरते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानेही पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट वापरण्यासही मनाई करता येत नाही. ही माहिती आई-वडिलांना द्यावी, पण ती हातात घेऊन सेक्रेटरींशी भांडू नये. शेजाऱ्यांना आधी सांगावे, घाण उचलण्याची हमी द्यावी आणि कुत्रा असल्यास महापालिकेचा परवाना घ्यावा. मांजर आणायचे असेल तर सर्व खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी हवीच. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मांजर कुरतडू शकते, म्हणून धातूची लावावी.

चौथी पायरी: कागदावर मांडा

जवळच्या पशुवैद्यांकडे स्वतः जाऊन तपासणी, लसी आणि निर्बीजीकरणाचा खर्च विचारावा, महिन्याच्या खाण्याचा हिशेब करावा आणि हे सारे एका पानावर लिहावे. पिल्लाच्या लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतात, दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात, आणि रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात देतात. कुत्र्यासाठी लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लसही धरावी, कारण आपल्याकडे पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून तो आजार पसरतो. गोचिडांचा त्रासही त्याच दिवसांत वाढतो. पॉकेटमनीतून किती देणार, तो आकडा खरा लिहावा.

त्याच पानावर गणपतीचाही विचार हवा. कोकणात आठ दिवस जायचे तर प्राण्याचे काय? रेल्वेत कुत्र्याला साध्या स्लीपर किंवा थ्री-टायर एसीच्या डब्यात नेता येत नाही. पहिल्या वर्गाचा पूर्ण कूपे आरक्षित करावा लागतो, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीतून न्यावे लागते. मांजर घरातच ठेवून शेजाऱ्यांनी दोन वेळा येणे सोपे पडते. तसा शेजारी आधी शोधावा आणि त्यांचा होकार घेऊनच आई-वडिलांपुढे नाव घ्यावे.

पाचवी पायरी: आधी करून दाखवा

ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कुत्रा हवा असेल तर जुलैचा पूर्ण महिना रोज पहाटे पावणेसहाला उठून, कुत्र्याशिवाय, अर्धा तास चालून यावे. पाऊस कोसळत असतानाही जावे. आल्यावर ओल्या पावलांनी खराब झालेली लादी स्वतः पुसावी. मांजर हवे असेल तर घरातला ओला कचरा रोज वेळेवर बाहेर नेण्याचे काम महिनाभर अंगावर घ्यावे, कारण लिटर ट्रे, म्हणजे मांजराच्या शी-शूचा ट्रेही, रोजच साफ करावा लागतो. याचा उल्लेख बोलण्यात करू नये. घरात ते दिसतेच. एखादा दिवस चुकला तर महिना पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजावा.

सहावी पायरी: मागणी छोटी ठेवा

आई दमून आलेली असताना किंवा वीजबिल आलेल्या दिवशी विषय काढू नये. रविवारी सकाळच्या चहाला, ते पान समोर ठेवून, थेट पंधरा वर्षांचा होकार न मागता पंधरा दिवसांचा मागावा: निराधार प्राण्यांना कायमचे घर मिळेपर्यंत तात्पुरते सांभाळणारी माणसे प्राणिसंस्थांना हवीच असतात, आणि तशा एखाद्या मोठ्या, लसी झालेल्या मांजराला किंवा कुत्र्याला ठरावीक दिवसांसाठी आणता येते. त्या दिवसांत प्राण्याचे सगळे काम तुम्हीच करावे आणि आईला वाटीभर पाणीही ठेवायला लावू नये. दिवाळीचे दिवस मात्र टाळावेत, कारण फटाक्यांच्या आवाजाने नवा प्राणी पलंगाखालून बाहेरच येत नाही.

तरीही नकारच मिळाला, तर पुढची तारीख त्यांनाच ठरवू द्यावी, दिवाळीनंतर किंवा परीक्षेनंतर, आणि ती येईपर्यंत पुन्हा विचारू नये. दरम्यान पावणेसहाचा गजर बंद करू नये.