टीडीएस मीटर नंतर, आधी साबण घ्या

एकदा आमच्या दारात पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारा एक जण आला. टेबलावर दोन पेले ठेवले, एकात आमच्या नळाचं पाणी आणि दुसऱ्यात त्याच्या यंत्राचं. दोन्हींत सळया असलेलं एक उपकरण बुडवलं आणि बटण दाबलं. मिनिटभरात आमचं पाणी तपकिरी-हिरवं झालं, वर गाळ तरंगायला लागला. ‘ताई, हेच पाणी तुम्ही रोज पिता,’ तो म्हणाला. शेजारच्या काकू घाबरल्या आणि त्यांनी तिथल्या तिथे आगाऊ रक्कम दिली.

मी कॉलेजच्या रसायन प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम केलंय. त्याच्या स्वच्छ पेल्यात चिमूटभर मीठ टाकून मी पुन्हा बटण दाबायला लावलं. तेही पाणी तसंच तपकिरी झालं. तो गाळ पाण्यातला नव्हताच. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, उपकरणातली लोखंडी सळई विरघळते आणि तिचा गंज दिसतो. क्षार काढलेल्या पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही, म्हणून ते नितळ राहतं. काकूंना मी वेळेवर अडवू शकले नाही, याची रुखरुख अजून आहे. आपल्या नळाचं पाणी कसं तपासायचं ते म्हणूनच इथे सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, पाणी जड आहे का ते बघा. जडपणा म्हणजे पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणायचे, आणि नावातच चाचणी आहे. एकसारख्या दोन पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत अर्ध्यापर्यंत नळाचं पाणी आणि दुसरीत तेवढंच डिस्टिल्ड वॉटर भरा. साधा अंगाचा साबण किसून थोड्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा आणि त्याचे दहा-दहा थेंब दोन्हींत टाका. हँडवॉश किंवा डिटर्जंट चालणार नाही, कारण ते जड पाण्यातही फेस देतात. झाकण लावून दहा सेकंद जोरात हलवा आणि बाटल्या उजेडाकडे धरा. डिस्टिल्ड पाण्यावर दाट फेस टिकून राहतो, खालचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असतं. जड पाण्यावर फेस पातळ येतो, पटकन बसतो, आणि पाणी फाटल्यासारखं दिसतं. त्यात तरंगणारे पांढरे कण म्हणजे कॅल्शियमने धरून ठेवलेला साबण. बादलीच्या कडेला आणि न्हाणीघराच्या फरशीवर जो चिकट थर बसतो, तो हाच.

आकडा हवा असेल तर मत्स्यालयासाठी मिळणारं थेंबांचं किट घ्या. टीडीएस मीटरपेक्षा मला ते कितीतरी उपयोगी वाटतं. बऱ्याच किटमध्ये ५ मिलिलिटर पाण्यात एकेक थेंब टाकत जायचं असतं. प्रत्येक थेंबानंतर कुपी हलवायची आणि रंग पूर्ण बदलला की थांबायचं. शेवटचे दोन-तीन थेंब घाई करू नका. रंग मध्येच मळकट होतो आणि तिथेच झालं असं वाटतं, पण आणखी एका थेंबाने तो स्वच्छ पालटतो. एक थेंब म्हणजे एक जर्मन अंश, म्हणजे लिटरला १७.८ मिलिग्रॅम (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात). आपल्या किटचं माप मात्र त्याच्या माहितीपत्रकावर बघून घ्या. आमच्या वसाहतीत दोन स्रोतांचं पाणी येतं. जलवाहिनीच्या पाण्याला ६ थेंब लागले, म्हणजे साधारण १०७. बोअरच्या पाण्याला १९, म्हणजे ३३८. ६० पर्यंत मृदू, १२० पर्यंत मध्यम, १८० पर्यंत जड आणि त्यापुढे फार जड, अशी सर्वसाधारण विभागणी आहे. टाकीत कोणत्या दिवशी कोणतं पाणी किती मिसळलंय त्यावर आकडा बदलतो. म्हणून वेगवेगळ्या दिवशी तीन-चारदा मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा.

आता टीडीएस मीटर. तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. त्यातलं कॅल्शियम किती, साधं मीठ किती, हे त्याला कळत नाही. जंतू आणि शिसं तर नाहीच नाही. आमच्या वरच्या मजल्यावर सॉफ्टनर, म्हणजे पाणी मृदू करणारं यंत्र, बसवला, तर मीटरवर आकडा होता तेवढाच राहिला आणि यंत्र बिघडलंय म्हणून तक्रार गेली. यंत्र ठीक होतं. सॉफ्टनर कॅल्शियम काढतो आणि त्याच्या जागी सोडियम सोडतो, त्यामुळे टीडीएस कमी होतच नाही. सॉफ्टनर चालतोय का ते थेंबांच्या किटनेच बघायचं.

जडपणाने प्रकृतीला धोका होतो अशी भीती बाळगू नका. जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा घातलेली नाही. नुकसान होतं ते उपकरणांचं. पाणी तापलं की त्यातल्या क्षारांचा काही भाग खर, म्हणजे पांढरा कडक थर, होऊन कॉइलवर बसतो आणि तापमान जितकं जास्त तितका जास्त बसतो. साठवणीचा गीझर ६० अंशांच्या आसपास ठेवावा. फार खाली आणला तर आत जंतू वाढायला वाव मिळतो. केटलमधल्या पांढऱ्या थरावर व्हिनेगरचा थेंब टाका. सुरसुर बुडबुडे आले की समजायचं, खर आहे. एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे सायट्रिक ॲसिड घालून केटल अर्धा तास भरून ठेवली की तो सुटतो. शॉवरची जाळीही अशीच भिजवा. हे संगमरवरावर सांडू देऊ नका, दगड खातं. आणि ॲसिड व ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

तुरटीने पाणी मृदू होत नाही, फक्त गढूळपणा खाली बसतो. कपड्यांसाठी धुण्याचा सोडा खरंच उपयोगी पडतो. सॉफ्टनर घ्यायचाच असेल तर तो न्हाणीघर, गीझर आणि वॉशिंग मशीनच्या लाइनवर बसवा, पिण्याचा नळ वेगळा ठेवा. १०० मिलिग्रॅम जडपणा काढला की लिटरमागे ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलेल्या माणसाने हे ध्यानात ठेवावं.

पिण्याच्या पाण्याची खरी काळजी जिथे करायला हवी, ते डोळ्यांना दिसत नाही. नारिंगी डाग लोखंडाचे आणि निळे-हिरवे तांब्याचे, एवढं घरी ओळखता येतं. गरम पाण्यालाच सडक्या अंड्याचा वास येत असेल तर गीझरमधला ॲनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेली सळई) बघून घ्या. नायट्रेट, फ्लोराइड, शिसं आणि ई. कोलाय (विष्ठेतून पाण्यात येणारे जंतू) यांच्यासाठी मात्र प्रयोगशाळाच हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापदंडाप्रमाणे अहवालात नायट्रेट लिटरला ५० मिलिग्रॅमच्या आणि फ्लोराइड १.५ च्या आत हवं. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय एकही नको. उकळून जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. पाणी आटलं की त्याचं प्रमाण उलट वाढतं. घरात तान्हं बाळ असेल आणि पाणी बोअरचं असेल, तर ही तपासणी पुढे ढकलू नका.

नमुना घेण्यातच लोक चुकतात. जंतूंसाठी प्रयोगशाळेने दिलेलीच निर्जंतुक बाटली वापरा, नळाच्या तोंडाची जाळी काढा, पाणी दोन-तीन मिनिटं वाहू द्या, आणि झाकणाला आतून बोट लावू नका. बाटली थंड ठेवून त्याच दिवशी पोचवा. शिशासाठी बरोबर उलट करायचं. रात्रभर, निदान ६ तास, घरातला एकही नळ उघडायचा नाही. सकाळी जाळी न काढता स्वयंपाकघरातल्या नळाचं अगदी पहिलं पाणी बाटलीत धरायचं, कारण शिसं रात्रभर पाइपात आणि नळातच उतरत असतं. मी आदल्या रात्री नळाला कापडाची पट्टी बांधून ठेवते, म्हणजे सकाळी उठल्याबरोबर कुणी सवयीने तो सोडत नाही.