पोत्याचं तोंड

शेळ्या घ्यायचं तुमचं ठरलंच आहे असं धरून लिहितो. जात कोणती, गोठा केवढा, लसी कधी, हे एव्हाना दहा जणांना विचारून झालं असेल. त्यात मी पडत नाही. मला सांगायचंय ते धान्याच्या पोत्याबद्दल.

दुसऱ्या वर्षी माझ्याकडे सहा शेळ्या होत्या. एका संध्याकाळी खुराकाच्या खोलीची कडी लावायची राहिली. अंधार पडल्यावर गेलो तर दोघी आत, मक्याच्या भरड्यात तोंड घालून. हाकललं, दार लावलं आणि चक्क हसलो. म्हटलं, झाली मेजवानी. आजही मला शेळी गेल्यापेक्षा ते हसणं जास्त टोचतं.

शेळीच्या कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात. वैरण पचवतात ते हेच. शेळीला आपण पोसतो म्हणजे खरं तर त्यांना पोसतो. तिथला सामू (pH; जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 6 ते 7 असतो. एकदम भरपूर धान्य पडलं की पिष्टावर (धान्यातल्या स्टार्चवर) वाढणारे जिवाणू माजतात आणि लॅक्टिक आम्ल तयार होतं. सामू 5.5 च्या खाली घसरला की चारा पचवणारे मरू लागतात, आम्ल करणारे मात्र जोरात. अंगातलं पाणी पोटाकडे ओढलं जातं, आम्ल रक्तात उतरतं. बाहेरून आपल्याला काय दिसतं? सुरुवातीला काहीच नाही. लक्षणं दिसायला बारा-चोवीस तासही जातात, आणि खरा उपाय करायची वेळ नेमकी तीच असते. शेळीने धान्य खाल्लंय एवढं कळलं की वाट बघायची नाही, त्याच रात्री पशुवैद्यकाला फोन करायचा. ती ठणठणीत दिसत असली तरी.

मी सकाळी जागा झालो. एक पाठीला बाक काढून उभी, दात करकरा खातेय, रवंथ बंद, डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागची कूस, भरलेली. हात लावला तर आत पाणी डुचमळल्यासारखं. ज्यांच्याकडून शेळ्या घेतल्या त्यांना विचारलं. ते म्हणाले, गॅस आहे, तेल पाजा. पाजलं. तेल उपयोगी पडतं ते फेसाळ पोटफुगीत. इथे दुखणंच वेगळं होतं. त्यात मी तिची मान इतकी वर धरली की ती ठसकली. तसं करताना औषध फुप्फुसात जाऊ शकतं, हे मला नंतर कळलं. दुपारी आंबूस वासाची पातळ हगवण लागली. डॉक्टर आले तोवर तिने मान टाकली होती. चार महिन्यांची गाभण होती.

म्हणून माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या: जनावर विकणाऱ्याला गुरू करू नका. ज्याच्या गोठ्यात पहाटे जाऊन लेंड्या बघता येतात, कोण मेलं आणि का मेलं हे जो लपवत नाही, त्याला धरा. आणि 'इतक्या महिन्यांत दुप्पट' सांगणारे व्हिडिओ बघायचेच असतील तर गोठा झाडून झाल्यावर बघा.

घाबरवतोय असं वाटेल. तसं नाही, खुराक द्यायचाच आहे. गाभणकाळ साधारण 150 दिवसांचा, आणि पोटातलं करडू खरं वाढतं शेवटच्या सहा-आठ आठवड्यांत. तेव्हा शेळीला ताकद लागतेच. फक्त मूठभरापासून सुरू करा, दहा-चौदा दिवसांत हळूहळू वाढवा, दोन वेळांत वाटून द्या, आणि आधी वैरण पोटात जाऊ द्या. चारा बदलतानाही हाच नियम. सूक्ष्मजीवांना सवय व्हायला वेळ लागतो, आपल्याला घाई असली तरी. नवीन शेळी आणली तर तीन-चार आठवडे वेगळी बांधा, एवढं जाता जाता.

बाकी चुका होतात आणि निभावतात. माझं पहिलं करडू पहाटे जन्मलं तेव्हा माझेच हात थरथरत होते. नाकातोंडावरची बुळबुळ पुसली, सडाला लावलं. अर्ध्या तासात ते चारी पायांवर डुगडुगत उभं राहिलं. पहिल्या तासात चीक पोटात गेला पाहिजे. अडीच किलोच्या करडाला दिवसभरात पाव लिटरच्या आसपास, हे मात्र पाठ होतं. त्या दिवशी मी दुसरं काहीच काम केलं नाही. संध्याकाळी सगळ्या बसून रवंथ करतात तेव्हा तो आवाज ऐकत तिथेच बसून राहावंसं वाटतं. नुसतं बरं वाटतं म्हणून नाही; रवंथ चालू आहे म्हणजे आत सगळं ठीक आहे.

त्या रात्रीची दुसरी शेळी वाचली. खुरांना सूज येऊन महिनाभर लंगडली, अजूनही तिची खुरं वेडीवाकडी वाढतात, वरचेवर कापावी लागतात. खोलीला आता दोन कड्या आहेत, धान्य झाकणाच्या पिंपात असतं. झोपण्याआधी मी बॅटरी घेऊन बघायला जातो, तर ही बया त्याच दाराला नाक लावून उभी.