फॅशन फोटोंच्या प्रदर्शनाला शाळा आणताय? या चुका टाळा

सगळ्यात आधी तो प्रश्नांचा कागद शाळेतच ठेवा. छायाचित्रकाराचं नाव, साल, शहर, अशा वीस रिकाम्या जागा. मुलं फोटोकडे पाठ करून शेजारची पाटी उतरवून घेतात आणि पुढे सरकतात.

मागे एका शाळेची आठवी आली होती, ६२ मुलं. अर्ध्या तासात सगळ्यांचे कागद भरले, सर खूश. एक मुलगा मात्र कोट घातलेल्या बाईच्या फोटोसमोरून हलेना. कागद कोरा म्हणून सर त्याला ओरडले. मी विचारलं, काय बघतोस? म्हणाला, "मॅडम, ह्या कोटाला मागनं चिमटे लावलेत." त्याची आई गणवेशाच्या कारखान्यात शिलाईला. खांद्याची शिवण मागे ओढली गेलीय, कंबरेला कापड घट्ट बसलंय पण चुणी कुठेच नाही, हे त्याने बरोबर हेरलं होतं. फॅशनच्या फोटोत कपडा अंगावर नीट बसावा म्हणून पाठीमागून चिमटे, टाचण्या लावतातच. हे पाटीवर लिहिलेलं नसतं. सोलापुरात घराघरांत कोणी ना कोणी माग, टॉवेल, शिलाई यातलं जाणतं. त्या मुलांना कापडाबद्दल विचारायचं सोडून आपण साल विचारतो, याचा मला खरंच राग येतो.

माझी सवय सांगते. भेटीच्या आदल्या दिवशी वर्गात एकच फोटो न्यायचा, नाव झाकायचं, पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही. मी बहुतेक वेळा रिचर्ड अ‍ॅव्हेडन या अमेरिकन फॅशन छायाचित्रकाराचा १९५५ सालचा फोटो नेते. पॅरिसच्या सर्कशीत हत्तींच्या मधे डिओर या फ्रेंच फॅशन कंपनीचा गाऊन घालून उभी असलेली मॉडेल डोव्हिमा. गाऊनच्या आधी मुलांना हत्तीच्या पायातली साखळी दिसते. मग ती साखळी छायाचित्रकाराने का लपवली नाही, यावर वर्ग तासभर भांडतो. नवे शिक्षक दुसऱ्याच मिनिटाला उत्तर सांगून टाकतात. तेवढा धीर धरा हो.

दुसरी मोठी चूक म्हणजे हसणाऱ्या मुलांना गप्प करणं. उघड्या पाठीचा फोटो दिसला की खसखस पिकते, बाई डोळे वटारतात आणि मुलींना घाईघाईने पुढे नेतात. त्यांना तिथेच थांबवा. प्रकाश कुठून येतोय, मेकअप किती, शेकडो फोटोंतून हाच एक का निवडला, हे बोला. नाहीतर "मी अशी बारीक, गोरी का नाही" एवढंच घेऊन मुलगी घरी जाते, आणि ते आपल्याला कळतही नाही.

बाकीचं थोडक्यात. एका वेळी पंधराच मुलं आत, उरलेली बाहेर सावलीत. फ्लॅश बंद, जुन्या फोटोंचा रंग उजेडाने उडतो. काचेला बोट नाही, पाण्याच्या बाटल्या दाराशी. आणि एप्रिलात दुपारी बाराला मुलं आणू नका. सोलापूरच्या उन्हातून आलेलं मूल आधी पंखा शोधतं. सकाळी नऊला या, सहाच फोटो बघा आणि परत जा.