मिळून इंग्रजी कविता लिहिताना पेन कुणाकडे आहे ते बघा

इंग्रजी शिकणाऱ्या गटात मिळून कविता लिहायचा खेळ पहिल्यांदा खेळणार असाल, तर कवितेची धास्ती घेऊ नका. तिथे वाक्य अर्धवट सुटलं तरी चालतं आणि सोमवार हिरवा निघाला तरी कुणी हटकत नाही. मला आजही इंग्रजीत फोन करायचा तर आधी मनात वाक्यं जुळवावी लागतात. या खेळात मात्र माझी ओळ वेळेवर पडते.

गोची होते ती पेनापाशी. चौघांत एक कागद आणि एक पेन दिलं, की ज्याचं इंग्रजी बरं त्याच्याकडे पेन आपोआप जातं. बाकीचे 'छान', 'हेच लिही' म्हणत राहतात. कविता होते, टाळ्या पडतात, आणि तिघांनी एक शब्दही लिहिलेला नसतो. मी बरेच दिवस त्या तिघांतला होतो. गंमत म्हणजे यात वाईट कुणीच नसतं. लिहिणाऱ्याला वाटतं आपण मदत करतोय, गप्प बसलेल्याला वाटतं आपणही सामील आहोत. म्हणून तर हे कुणाच्या ध्यानात येत नाही. तेव्हा प्रत्येकाकडे स्वतःचं पेन हवं, बोलणं बंद हवं आणि आधीचं लिखाण झाकलेलं हवं. झाकायचं अशासाठी, की दुसऱ्याचा झोकदार शब्द दिसला की आपण आपला खोडतो. बोलणं बंद अशासाठी, की 'कसं लिहू?' विचारलं की उत्तर देणाराच लिहून मोकळा होतो.

घडीच्या कागदाचा खेळ यासाठी उत्तम. आपला एक शब्द लिहायचा, घडी घालून तो झाकायचा आणि कागद पुढच्याकडे सरकवायचा. 1925च्या सुमारास पॅरिसमध्ये फ्रेंच कवी आंद्रे ब्रेतोंच्या अतिवास्तववादी, म्हणजे तर्क सोडून स्वप्नासारखं लिहिणाऱ्या, कंपूत तो सुरू झाला. 'एक्स्क्विझिट कॉर्प्स' (म्हणजे 'नितांत सुंदर प्रेत') हे त्याचं विचित्र नाव सुरुवातीच्या एका फेरीत जमलेल्या वाक्यावरून पडलं. फ्रेंचमध्ये विशेषण बहुधा नामाच्या मागून येतं, त्यामुळे त्यांचा क्रम जसाच्या तसा उचलू नका. इंग्रजीसाठी विशेषण, नाम, क्रियापद, पुन्हा विशेषण, नाम असा ठेवा. दोन्ही नामं एकवचनी, क्रियापद साध्या वर्तमानकाळात 'एस' लावून, हे आधीच ठरवा. 'अ' आणि 'ॲन'ची जागा मात्र कोरी सोडा, कारण पुढचा शब्द घडीआड असतो.

आमच्या एका कागदावर निघालं: अँग्री, अम्ब्रेला, टीचेस, ऑनेस्ट, पोटॅटो. पहिल्या जागी 'ॲन' बिनविरोध. 'ऑनेस्ट'पाशी भांडण जुंपलं, कारण स्पेलिंग 'एच'ने सुरू होतं. शेवटी कुणीतरी मोठ्याने म्हणून दाखवलं. तो 'एच' उच्चारात नाहीच, म्हणून 'ॲन ऑनेस्ट पोटॅटो'. व्याकरणाच्या पुस्तकातला तो नियम मी कितीदा वाचला होता, पण डोक्यात बसला तो या बटाट्यामुळे.

यमकाच्या नादी लागू नका, निदान सुरुवातीला तरी. 'लव्ह' आणि 'मूव्ह' कागदावर जुळतात, कानाला नाही; 'ब्लू' आणि 'थ्रू'चं नेमकं उलटं. यमक शोधून देणाऱ्या साइट्स तर सरळ बंद ठेवा, त्या ओळीचा अर्थ भलतीकडे ओढून नेतात. अमेरिकन कवी केनेथ कोक न्यूयॉर्कच्या शाळेत मुलांकडून सामूहिक कविता लिहून घेत. प्रत्येकाची एक ओळ, सुरुवात 'आय विश'ने, आणि यमक नको असं ते सांगत. घडीचा खेळ जड गेला तर इथून सुरू करा. पहिले दोन शब्द हातात असले की पुढचे सुचतात, अगदी माझ्यासारख्या अडखळणाऱ्यालाही.

मार्गदर्शक असेल तर फेरी संपेपर्यंत त्याला लाल पेन खिशात ठेवायला सांगा. ऐकत नसेल तर मार्गदर्शकाविना खेळा. पाचही घड्या उघडून वाक्य मोठ्याने वाचल्यावर दुरुस्त्या करा, त्याही ज्याची त्यानेच. भाषांतराचं ॲप त्यानंतर उघडलं तर चालेल. पुढच्या फेरीला कुणी कोणता शब्द लिहायचा ते बदला, म्हणजे क्रियापद नेहमी त्याच हुशार माणसाच्या वाट्याला येणार नाही.