मॉनिटर धूसर दिसतोय? नवा घेण्याआधी या चुका टाळा

अक्षरं बारीक दिसतात म्हणून रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, उतरवायचं, हा उद्योग मी इतक्या ऑफिसांत पाहिलाय की आता दारातूनच ओळखू येतो. जुन्या डबा मॉनिटरवर ते खपून जायचं. सपाट पॅनेलचे पिक्सेल, म्हणजे हे ठिपके, मात्र कारखान्यातच ठरतात. १९२० × १०८० च्या पॅनेलला १३६६ × ७६८ चं चित्र दिलं, की चित्रातला एक पिक्सेल पडद्यावरच्या साधारण १.४ पिक्सेलांवर बसवावा लागतो. तो नीट बसत नाही, मग शेजारच्या रंगांची सरासरी काढून वेळ मारून नेली जाते आणि अक्षरांच्या कडा पसरतात.

एका सीएंच्या ऑफिसातल्या हेडक्लार्क काकांनी यापायी चष्मा बदलला. "अहो, अनुस्वारच दिसत नाही. चिंता आहे की चिता, काही कळेना!" नव्या चष्म्यानेही फरक पडेना, तेव्हा साहेब नवा मॉनिटर मागवायला निघाले. चौकशी केली तर काकांच्या भाच्याने दिवाळीत येऊन 'सगळं मोठं करून दिलं' होतं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये रिझोल्यूशन 'रेकमेंडेड'वर नेलं, स्केल (अक्षरं-आयकॉनांचा आकार) १२५ टक्के केलं, अनुस्वार जागेवर आले. काकांचा प्रश्न एकच, "आता चष्म्याचे पैसे कोण देणार?"

तेव्हा रिझोल्यूशनला हात लावू नका, स्केल वाढवा. त्यात अक्षरं नव्याने, पूर्ण पिक्सेल वापरून काढली जातात. अपवाद जुन्या सॉफ्टवेअरचा. त्यांना स्केलिंग कळत नाही, म्हणून विंडोज त्यांची खिडकी नुसती ताणते. अशा वेळी आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज' असं जाऊन खालचं ओव्हरराइड 'अ‍ॅप्लिकेशन'वर ठेवून बघा. अक्षर लहान होईल, पण स्वच्छ दिसेल. मला तेच बरं वाटतं. बदल केल्यावर साइन आउट करून परत या. एवढाही धीर नसलेली मंडळी 'फरकच पडत नाही' म्हणून सगळं पहिल्यासारखं करून ठेवतात.

२७ इंची मॉनिटर १९२० × १०८० मध्ये घेऊ नका. इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल पडतात, २४ इंचीत ९२. दुकानदार हे सांगणार नाही.

टीव्ही जोडल्यावर कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्या मेनूत 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' शोधा. ग्राफिक्स कार्डातून चित्र आक्रसू नका, पुन्हा तेच ताणणं-दाबणं होतं.

व्हीजीए केबल (जुन्या पद्धतीची, अ‍ॅनालॉग) असेल तर मॉनिटरवरचं 'ऑटो' बटण दाबा. जमलं तर ती केबलच बदला.

आणि शार्पनेस शंभरवर नेऊन धूसरपणा जात नाही, अक्षरांभोवती पांढरी किनार तेवढी येते.